शांतलिंगचं चौथं कडवं

उमरग्यात कुणाचा सत्कार करायचा म्हटलं की आधी शांतलिंगच्या दुकानाची पायरी चढावी लागते. बसस्टँडच्या मागं, टायरवाल्याच्या शेजारी एवढंसं दुकान. पाटीवर लिहिलंय, 'सत्काराचे सर्व साहित्य मिळेल'. सर्व म्हणजे अगदी सर्व बरं का. शाली आहेत, फेटे आहेत, नारळ आहेत, कुणाचंही नाव चिकटवता येईल अशा ट्रॉफ्या आहेत. आणि एवढं घेऊनही कार्यक्रमात बोलायला माणूस नसेल, तर दुकानाचं शटर ओढून शांतलिंग स्वतःच माइकपाशी येऊन उभा राहतो.

खरं तर बोलायचा धंदा त्यानं ठरवून धरलाच नव्हता. तीसेक वर्षांपूर्वी एका मुख्याध्यापकांच्या निरोपाला तो शालींचा गठ्ठा पोचवायला गेला होता. सूत्रसंचालन करणाऱ्या गुरुजींची एसटी येणेगूरजवळ बंद पडली. मग कुणीतरी माइक शांतलिंगच्या हातात कोंबला आणि म्हणालं, नुसती नावं तर वाचायचीत. त्यानं वाचली. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, आणि पाहुण्यांची ओळख करून देताना 'माजी' हा शब्द त्यानं असा काही घोळवून म्हटला की आजीपेक्षा माजीच मोठा वाटावा. झालं. त्या दिवसापासून निरोप, वास्तुशांती, साखरपुडे, शोकसभा, कबड्डीचे सामने, जिथं म्हणून चार खुर्च्या आणि एक भोंगा असेल तिथं शांतलिंग. आईबापांनी नाव ठेवलं शांतलिंग आणि जन्म गेला माइक धरण्यात, आता काय बोलायचं!

माइकची भाषा त्याच्या अंगात इतकी भिनली की घरातही 'या ठिकाणी' म्हटल्याशिवाय त्याला जेवता येईना. "या ठिकाणी आमटीत मीठ जरा कमी वाटतंय," असं तो म्हणायचा आणि त्याची बायको महानंदा मिठाची बरणी पुढं सरकवून म्हणायची, "साकु री." माहेर तिचं पलीकडं कर्नाटकात, आळंदकडचं. राग आला की ती कानडीत येते, आणि पुरे आता, एवढंच तिला म्हणायचं असतं.

पण या बोलक्या माणसाची खरी गोष्ट वेगळीच होती. तीस वर्षांत माइकवर शांतलिंगचं स्वतःचं एकही वाक्य पूर्ण झालेलं नव्हतं.

आपल्याकडचे कार्यक्रम तुम्हाला ठाऊकच आहेत. सूत्रसंचालक बिचारा जरा रंगात येऊन काहीतरी बोलायला लागतो, तेवढ्यात मागून कुणीतरी त्याचा सदरा ओढतं आणि हातात चिठ्ठी सरकवतं. अमक्यांचं नाव राहिलंय. अमके आत्ताच आलेत. अमके रुसलेत. की लगेच वाक्य तिथंच टाकायचं आणि नाव वाचायचं. शांतलिंगचा उजवा हात माइक धरायचा, आणि डावा हात आपोआप पाठीमागं जाऊन तळवा उघडून थांबायचा. सदरा ओढला गेला की चिठ्ठी हातात, हात डोळ्यांपुढं, आणि नाव तोंडातून बाहेर. मधे डोक्याचं काही कामच नव्हतं. 'शिक्षण म्हणजे केवळ' इथपर्यंत तो कितीदा तरी पोचला असेल, पण शिक्षण म्हणजे केवळ काय, हे उमरगा तालुक्याला आजतागायत कळलेलं नाही.

लोकांना याचं हसू यायचं. महानंदाला यायचं नाही, आणि त्याला कारण होतं.

त्यांच्या एकुलत्या मुलीच्या, शिवप्रियाच्या लग्नात माइक शांतलिंगनंच धरला होता. घरचंच कार्य, दुसरा माणूस कशाला? अक्षता पडल्या, पंगती उठल्या, पाठवणीची वेळ आली. पोर गाडीत बसताना मागं वळून बघत होती. शांतलिंग स्टेजवर दोन शब्द बोलत होता, पोरीबद्दलच बोलत होता, आवाज भरून आला होता. तेवढ्यात सदरा ओढला गेला. कुठल्याशा संस्थेचे माजी उपाध्यक्ष जेवून निघाले होते आणि त्यांचं नाव राहिलं होतं. शांतलिंगनं डोळे पुसले, नाव वाचलं, त्यांच्या हातात नारळ दिला. तोवर गाडी हायवेला लागली होती. महानंदानं एकटीनं हात हलवला. त्यावरून ती भांडली नाही, पण त्यानंतर त्याच्या एकाही कार्यक्रमाला ती आली नाही. तो विचारायचा तेव्हा म्हणायची, अर्धवट ऐकायला माझं काय अडलंय. हे त्याला फार लागायचं. लागायचं, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा कुठंतरी चिठ्ठ्या वाचत उभा असायचा.

तर असा हा माणूस. जानेवारीत एके सकाळी त्याच्या दुकानात कॉलेजची पोरं आली. पुढं होती शिवानी, हायवेवरच्या गॅरेजवाल्याची लेक, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. बोलायला इतकी तिखट की तिच्यापुढं ट्रकवालेसुद्धा हिशेबानं बोलायचे. मागं रणधीर, सहा फुटी गडी, आणि हार्मोनियम पोटाशी धरून श्रीनाथ. गॅदरिंगला नाटक बसवतोय, म्हणाली, संगीत आणि विनोदी, आमचं आम्हीच लिहिलंय. एक शाल आणि एक नारळ उसना पाहिजे. शांतलिंगनं विचारलं, सत्कार कुणाचा आहे? शिवानी म्हणाली, म्हशीचा.

मग तिनं काउंटरवर कोपर टेकून सगळी गोष्ट सांगितली. श्रीफळपूर नावाचं गाव असतं. तिथं सत्काराचा इतका सोस, की गावात सत्कार न झालेला माणूसच उरत नाही. दहावी पास झाल्याबद्दल सत्कार, नापास होऊनही धीर न सोडल्याबद्दल सत्कार, दाढ काढल्याबद्दल सत्कार. एक दिवस समितीकडं एक शाल आणि एक नारळ शिल्लक राहतो आणि सत्कारमूर्ती काही मिळत नाही. गावभर शोधाशोध, गाणी, भांडणं, आणि शेवटी गोठ्यात एक म्हैस सापडते, जिनं आजवर कुणाकडून एक हारही घेतलेला नाही. मग तिचाच जंगी सत्कार.

शांतलिंग आधी हसला. मग हे आपल्याच पोटावर आलंय असं वाटून जरा गंभीर झाला. मग त्याला आठवलं की लोक कपाट भरलं की शाली त्यालाच परत आणून देतात आणि हिरव्या काठाची एक शाल तर गेल्या वर्षात तीन जणांच्या खांद्यांवर जाऊन आलीय. तो पुन्हा हसला, ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

नाटकात सूत्रसंचालक होता रणधीर. शिवानीनं त्याला तिथंच एक वाक्य म्हणून दाखवायला लावलं. रणधीरला स्वतःच्याच वाक्याचं हसू आवरेना. 'सन्माननीय' म्हणेपर्यंत तो भिंतीला टेकला. शांतलिंगला काही ते बघवेना. त्यानं कापड मोजायची पट्टी माइकसारखी हातात धरली आणि म्हशीला अशा काही अदबीनं व्यासपीठावर बोलावलं की टायरवाला हातातलं काम टाकून बघायला आला. शिवानीनं दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि सांगून टाकलं, अण्णा, हे काम तुम्हीच करायचं. रणधीर सुटला. त्याला म्हशीचे पुढचे पाय मिळाले आणि कापडाच्या आत कितीही हसायची मोकळीक मिळाली. कॉलेजात बाहेरचा माणूस कसा चालेल, असं कुणीतरी कुरकुरलं, तर शिवानीनं उत्तर दिलं की मग म्हैस तरी कुठं आपल्या कॉलेजची आहे.

सूत्रसंचालकाला नाटकात एक गाणं होतं, अगदी शेवटी. तीन कडवी. पहिलं असं होतं:

याचं नाव घ्या, त्याचं नाव घ्या,
राहिलं कुणाचं, त्याचंही घ्या,
शाल पांघरा, नारळ द्या,
टाळ्यांचा गजर होऊ द्या.

तालमी कॉलेजच्या सायकल स्टँडवर चालायच्या. एकदा शिवानी शाल बदलून न्यायला शांतलिंगच्या घरी आली. तो नव्हता, कुठल्याशा वास्तुशांतीला गेला होता. महानंदानं तिला चहा दिला आणि चहासोबत अर्ध्या वाक्यांची सगळी कहाणी दिली, लग्नातल्या गाडीसकट. दुसऱ्या दिवशी तालमीला शिवानीनं शांतलिंगच्या हातात कागद ठेवला. चौथं कडवं.

साऱ्या गावाची घेतली नावं,
माझं मला ना उरलं ठावं,
दोन घटका माइक राहू द्या,
माझं मलाच ऐकू द्या.

शांतलिंगनं वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग श्रीनाथला म्हणाला, सूर जरा खालचा धर, वर मला जमायचं नाही. त्या दिवशी घरी गेल्यावर त्यानं महानंदाला नाटकाला यायचं निमंत्रण दिलं. ती भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "येते. पण शेवटपर्यंत म्हणणार असाल तर. तुमचं एक तरी काहीतरी मला शेवटपर्यंत ऐकायचंय." त्यानं शब्द दिला. चार कडवी, चारही पूर्ण. आता यात काय मोठं, असं आपल्याला वाटेल. शांतलिंगला मात्र त्या दिवसापासून भूक लागेना.

कारण तालमीत एक भलतीच अडचण निघाली होती. तो गायचा बेस. पण दुसरं कडवं आलं की त्याचा डावा हात हळूच पाठीमागं जाऊन उघडायचा. जवळून कुणी नुसतं गेलं तरी शांतलिंग ओळ तोडून थांबायचा आणि हातात काही पडतंय का याची वाट बघायचा. एकदा तिथं शेळी आली, तिनं सदरा ओढला, तर हा गडी गाणं थांबवून मागं वळला. पोरं हसून लोटपोट झाली. शिवानी हसली नाही. तिनं नारळ उचलला आणि शांतलिंगच्या डाव्या हातात दिला. गाणं संपेपर्यंत हा सोडायचा नाही, म्हणाली. उपाय लागू पडला. हातात नारळ असला की हात मागं जायचा, पण उघडायचा नाही.

फक्त एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही. तिसऱ्या कडव्यानंतर तो नारळ म्हशीपुढं ठेवायचा होता. सत्कार तिचा होता ना! म्हणजे चौथ्या कडव्याला हात रिकामाच.

गॅदरिंगचा दिवस उजाडला. दुपारचं उद्घाटन आणि पाहुण्यांचे सत्कार दरवर्षी शांतलिंगच सांभाळायचा. या वर्षी त्यानं हात जोडून सांगितलं की मी आज नट आहे. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं माइक नाकारला. मग ते काम एका नव्या सरांच्या गळ्यात पडलं. सर शिकलेले, बोलायला गोड, पण तालुक्यात नवीन. कोण कुणाच्या आधी, कोण रुसला की कुणाला घेऊन रुसतो, हे त्यांना काय माहीत? त्यांनी सगळ्यांची नावं घेतली आणि अमरसिंहरावांचं नेमकं राहिलं.

अमरसिंहराव म्हणजे तालुक्यातलं वजनदार प्रस्थ. दोन-तीन संस्थांचे माजी अध्यक्ष, कुणाच्या अडीनडीला धावून जाणारे, मनानं चांगले, पण नावाला फार जपणारे. पहिल्या रांगेत सोफ्यावर बसले होते. नाव आलं नाही तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि मोबाइल कानाला लावून बसले. बरोबरची माणसं घाबरीघुबरी झाली. आता काय करायचं, चिठ्ठी कुणाला द्यायची? चिठ्ठी म्हणजे शांतलिंग, एवढंच साऱ्या तालुक्याला माहीत. आणि शांतलिंग कुठं दिसेना.

तो मंडपामागं कनातीच्या आड फेटा बांधून उभा होता. उद्घाटन लांबतच चाललं होतं. साउंडवाला गुरुसिद्धप्पा दर थोड्या वेळानं येऊन शिवानीला बजावत होता की संध्याकाळी मुरूमला वरात आहे, पाचच्या ठोक्याला मी वायरी गुंडाळणार, मग तुझी म्हैस मुकी राहिली तर मला बोलायचं नाही. खेड्यांवरच्या पोरींची एसटीही त्याच सुमाराला होती. शेवटी एकदाचं आभारप्रदर्शन झालं, नाटकाची घंटा झाली, आणि शांतलिंगनं कनातीच्या फटीतून बघितलं. बायकांच्या बाजूला, सतरंजीवर, दुसऱ्याच रांगेत महानंदा बसली होती. ठेवणीतलं इरकल नेसून आली होती. त्यानं फेटा पुन्हा सारखा केला.

नाटक असं काही रंगलं म्हणता! दाढ काढल्याबद्दलच्या सत्काराला मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. नापास वीराच्या गाण्याला खुद्द प्राचार्यांनी ताल धरला. शांतलिंगनं पहिल्याच प्रवेशात 'या ठिकाणी' म्हटलं आणि निम्मा मंडप फुटला, कारण प्रत्येकाच्या घरच्या कार्यात ते 'या ठिकाणी' झालेलं होतं. आपल्याला हसतायत हे त्याला कळत होतं, आणि नवल म्हणजे त्याला गोड वाटत होतं. मग म्हैस आली. पुढं रणधीर, मागं आणखी कुणी, दोघांचे पाय एका दिशेला काही पडेनात. तिच्यासाठी खुर्ची ठेवलेली, शाल घडी घालून तयार. श्रीनाथनं सूर धरला आणि शांतलिंग गायला लागला.

पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. तिसऱ्याला लोक टाळ्यांनी साथ द्यायला लागले. तो वाकला, नारळ म्हशीपुढं ठेवला, सरळ झाला आणि चौथं कडवं उचललं. मंडप एकदम गप्प झाला, चाल खालच्या सुरातली होती ना.

'साऱ्या गावाची घेतली नावं,' शांतलिंग म्हणाला, 'माझं मला ना...'

आणि सदरा ओढला गेला.

अमरसिंहरावांच्या माणसाला बिचाऱ्याला, सगळं कॉलेज पालथं घालून आल्यावर, शांतलिंग आत्ता सापडला होता. स्टेजवर उभा, हातात माइक, समोर खुर्ची, शाल आणि नारळ. नाटक आहे का सत्कार आहे, हे बघायला त्याला उसंत कुठं होती? तो मागून चढला आणि त्यानं चिठ्ठी दिली. डावा हात उघडाच होता. हात डोळ्यांपुढं आला, आणि तीस वर्षांच्या सवयीनं खणखणीत आवाज सुटला, "तालुक्याचं भूषण, माजी अध्यक्ष माननीय अमरसिंहरावजी यांना मी विनंती करतो, की त्यांनी व्यासपीठावर येऊन सत्कार स्वीकारावा."

शेवटचा शब्द तोंडातून गेला आणि शांतलिंगला कळलं आपण काय केलं. पण अमरसिंहराव उठले होते. त्यांनी मोबाइल खिशात टाकला, कोट नीट केला, सोबत चारपाच माणसं घेतली आणि हसतमुखानं पायऱ्या चढून वर आले. सगळा वेळ ते फोनवर होते. खुर्ची कुणासाठी आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. बाकी हजारभर लोकांना ठाऊक होतं. मंडपात अशी शांतता पसरली की म्हशीच्या आतून रणधीरचं गुदमरलेलं हसू पहिल्या रांगेपर्यंत ऐकू आलं. मग कुणालातरी राहवलं नाही, आणि सगळा मंडप जो हसत सुटला तो थांबेचना. अमरसिंहरावांना वाटलं, काय हे प्रेम. त्यांनी दोन्ही हात जोडले.

शांतलिंगनं शाल घातली. दुसरं करणार काय? नारळ दिला. कनातीआड शिवानी डोक्याला हात लावून उभी होती. बाजूला गुरुसिद्धप्पानं एक वायर काढून गुंडाळायला सुरुवात केली होती. अमरसिंहरावांनी घसा साफ केला आणि माइकसाठी हात पुढं केला. दोन शब्द. त्यांचे दोन शब्द म्हणजे काय हे शांतलिंगइतकं कुणाला माहीत असणार? मागच्या वर्षी एका साखरपुड्यात त्यांचं मनोगत संपेपर्यंत नवरामुलगा जेवून आला होता.

शांतलिंगनं समोर बघितलं. सतरंजीवरून महानंदा उठली होती. ती पदर सावरून, कुणाच्या पायाला पाय लागणार नाही अशी वाट काढत, मंडपाच्या बाहेर निघाली होती. चिडलेली दिसत नव्हती, आणि त्याचंच त्याला जास्त लागलं. शिवप्रियाच्या गाडीला हात हलवून झाल्यावरही ती अशीच वळली होती.

त्याला एकदम स्वतःची लाज वाटली, आणि पाठोपाठ रागही आला, तोही स्वतःचाच. तीस वर्षं तो म्हणत आला होता की लोक मला बोलू देत नाहीत. लोक नुसता सदरा ओढत होते. थांबणारा तो होता.

अमरसिंहरावांचा हात अजून पुढंच होता. शांतलिंगनं तो हात आपल्या डाव्या हातात घेतला, अदबीनं त्यांना दोन पावलं मागं नेलं आणि त्या खुर्चीवर बसवलं. मग माइक तोंडाशी धरला. "साहेब आपलं मनोगत या ठिकाणी बसून व्यक्त करतील," तो म्हणाला, "माझं एक कडवं राहिलंय."

क्षणभर कुणालाच काही समजेना. अमरसिंहरावांनाही समजेना. पण माणूस जन्मभर स्टेजवर वावरलेला. लोक खूश आहेत, अंगावर शाल आहे, बसायला खुर्ची आहे, तर उठायचं कशाला? ते बसले. शेजारी म्हैस होती. तिनंही चारही पाय मुडपून बैठक मारली. महानंदा मंडपाच्या खांबापाशी थांबली होती.

शांतलिंगनं गुरुसिद्धप्पाकडं बघितलं. गुरुसिद्धप्पानं गुंडाळलेली वायर खाली ठेवली.

साऱ्या गावाची घेतली नावं,
माझं मला ना उरलं ठावं,
दोन घटका माइक राहू द्या,
माझं मलाच ऐकू द्या.

शेवटच्या ओळीला आवाज फाटला, सूर काही लागला नाही. पण ओळ पूर्ण झाली. आणि मग ज्या टाळ्या पडल्या, त्यात पोरं होती, गुरुजी होते, आणि शाल सावरत अमरसिंहरावही होते. एवढा रंगलेला सत्कार माझा आजवर झाला नव्हता, असं ते पुढं पंधरा दिवस जो भेटेल त्याला सांगत होते. सत्कार मुळात कुणाचा होता, हे त्यांना सांगायची हिंमत अजून कुणाला झालेली नाही. तालमीभर वापरून सुकलेला नारळ तेवढा ते घरी घेऊन गेले, तेव्हा तो फोडल्यावर काय निघालं हे विचारायचीही सोय राहिली नाही. शिवानीनं शांतलिंगचे पाय धरायचं सोडून त्याला आधी झापलं, नाटकात मधेच पाहुणे बोलवायचे नसतात म्हणून, आणि मग सगळ्यांदेखत त्याच्या गळ्यात पडून रडली. रणधीरला म्हशीतून बाहेर काढायला तिघं लागले.

ऊन उतरल्यावर शांतलिंग मोटरसायकलवर घराकडं निघाला. मागं महानंदा, मांडीवर फेट्याची पिशवी. चिठ्ठी आपण वाचलीच ना, म्हणजे दिलेला शब्द मोडला का पाळला, हे त्याचं त्यालाच ठरवता येईना. तिला विचारायचा धीर होईना. हायवे सोडून गाडी कॉलनीच्या रस्त्याला लागली तेव्हा काहीतरी करायचं म्हणून तो चौथं कडवं गुणगुणायला लागला.

तिसऱ्या ओळीला मागून सदरा ओढला गेला.

शांतलिंगचा डावा हात हँडलवरून सुटायला निघाला. त्यानं तो तसाच घट्ट धरला, तिसरी ओळ संपवली, चौथी म्हटली, सावकाश, शेवटच्या अक्षरापर्यंत. मग गाडी बाजूला घेतली, मान वळवली आणि विचारलं, "काय गं, काय म्हणत होतीस?"

"काही न्हाय," महानंदा म्हणाली. "थांबताय का तेवढं बघितलं. आता परत म्हणा, पहिल्यापासून."